जुन्या गाडीचे ब्रेक कमी लागतात? आधी पेडल तपासा, मग पाना उचला

दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाडीचे ब्रेक कमी लागायला लागले की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा दोनच उपाय सुचवले जातात. पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे घासपट्टे) बदला, नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) बदला. कधी कधी ते बरोबरही असतं. पण मागचे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ढिले असताना मास्टर बदलला, तर पैसे जातात आणि पेडल होतं तिथेच राहतं. पार्ट विकत घेण्याआधी पाव तास ड्रायव्हर सीटवर बसून पेडल नीट दाबून पाहिलं, तर दोष बॉनेटखाली आहे, पाइपात आहे की चाकात, याचा अंदाज बऱ्यापैकी येतो. खालचा सगळा क्रम त्यावरच बेतलेला आहे.

नाशिकमध्ये एक अडचण अशी की शहरात ब्रेकची परीक्षा होतच नाही. द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत काटा तीस-चाळीसच्या वर जात नाही, त्यामुळे निम्मे काम करणारे ब्रेकही महिनोन्महिने खपून जातात. दोष उघडा पडतो तो कसारा घाट उतरताना, सिन्नरहून परत येताना मोहदरी घाटात किंवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीला खाली येताना. म्हणून तपासणी घाटाला निघायच्या आदल्या रात्री करू नका. निदान आठवडाभर हाताशी ठेवा, कारण जुन्या गाडीचा एखादा पार्ट मिळायला दोन-तीन दिवस सहज जातात.

हे मार्गदर्शन पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती), मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा) आणि एबीएस (जोराच्या ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाड्यांसाठी आहे. डिस्कवाली मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका वगैरे. एबीएस असलेल्या गाडीत पेडल आणि चाकांची तपासणी अशीच होते, पण त्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागू शकतो.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच. पेडल थेट मॅटला टेकत असेल किंवा ऑइलची टाकी रिकामी दिसत असेल, तर गाडी “हळूहळू” गॅरेजपर्यंत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या. या गाड्यांत ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात, त्यामुळे एक गेलं तरी दुसरं थोडंफार धरतं. पण ती सोय जागच्या जागी थांबण्यासाठी आहे, सातपूरहून पंचवटीपर्यंत जाण्यासाठी नाही.

सीटवर बसून करायच्या चाचण्या

गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा. पायाखालची मॅट काढून टाका. जाड रबरी मॅट पेडलखाली सरकलेली असणं हेही ब्रेक कमी लागण्याचं कारण असू शकतं, आणि ते शोधायला पाना लागत नाही.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. बूस्टरमध्ये (इंजिनाच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. आता मध्यम जोराने पेडल दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय आणि तो काम करतोय. हे खाली जाणं पाहून “मास्टर गेला” असं ठरवणारे लोक आहेत. तो दोष नाही, तसंच व्हायला हवं. पेडल जराही हललं नाही, तर दोष बूस्टरच्या बाजूला.

मग इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबा आणि मिनिटभर तसंच धरा. पाय एकाच जोराने ठेवा. पेडल एका जागी थांबलं तर ठीक. हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठून तरी ऑइल बाहेर जातंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत मागे फिरतंय.

तिसरी चाचणी सगळ्यांत कमी केली जाते आणि जुन्या गाडीत सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. पेडल पूर्ण सोडा, थोडं थांबा, मग एकदाच दाबा आणि किती खोल गेलं ते लक्षात ठेवा. सोडून लगेच पुन्हा दाबा. पहिल्यांदा खोल गेलं आणि दुसऱ्यांदा वर, कडक लागलं, तर चाकात कुठेतरी फट जास्त आहे. बहुतेक वेळा मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेले असतात. दुसऱ्यांदा वर येऊनही पेडल स्पंजसारखं दबत असेल, तर पाइपात हवा आहे.

फट की हवा, हे पक्कं करायला एक सोपी युक्ती आहे. हँडब्रेक चार-पाच टक वर ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक ओढल्यामुळे मागचे लायनर ड्रमला जाऊन टेकतात. त्यामुळे पेडल एकदम वर आणि घट्ट लागलं, तर मास्टरला हात लावायची गरज नाही. मागचं अॅडजस्टमेंट करायचं आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष दुसरीकडे आहे, खालच्या क्रमाने शोधा.

बॉनेट उघडल्यावर

ब्रेक ऑइलची छोटी पांढरट टाकी ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीशी असते. तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी कमी असेल तर फक्त भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येतात आणि पातळी सावकाश उतरते, ते साहजिक आहे. म्हणजे पातळी किमान खुणेच्या आसपास असेल तर आधी पॅड बघा. पॅड जाड आहेत तरी ऑइल कमी होतंय, याचा अर्थ गळती. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक खाली असताना वळणावर लुकलुकत असेल, तर बऱ्याच गाड्यांत तो ऑइल कमी झाल्याची सूचना देत असतो.

रंग बघा. ताजं ऑइल फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतं. काळपट, चहासारखं झालं असेल तर ते बदलायला हवं. ग्लायकॉल जातीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) चा प्रमाणित किमान उकळबिंदू कोरड्या अवस्थेत २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत १४० अंश असतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. इगतपुरी-घोटीच्या बाजूचा पावसाळा ज्या गाडीने वर्षानुवर्षं खाल्लेला आहे आणि जिचं ऑइल कधी बदललेलंच नाही, तिचा घाटात भरवसा धरता येत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा साधा नियम आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो फार कमी लोक पाळतात.

कोणतं ऑइल घालायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या गाड्यांत घालायचं नाही. सीलबंद छोटी बाटली घ्या. वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली कितीही चांगल्या कंपनीची असली तरी टाकून द्या. आणि टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गेलं असेल, तर पेडलला एकदाही पाय न लावता मेकॅनिकला बोलवा. मिनरल ऑइलने सगळ्या रबरी वॉशर फुगतात आणि मग मास्टरपासून व्हील सिलिंडरपर्यंत (ड्रममध्ये लायनर ढकलणारा) सगळं रबर बदलावं लागतं.

ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतो. शेजारी पाण्याची बाटली ठेवा आणि सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसतं फडक्याने पुसलं तर ते आणखी पसरतं.

पेडल खाली बसत असेल तर

गळती बाहेर आहे का ते आधी पाहा. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला चिकटतो त्या सांध्याखाली बोट फिरवा. बूस्टरवरचा काळा रंग फुगून सोलला असेल, तर मास्टरच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपतंय. मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला टायरवर ओल दिसते का, रबरी होज पाइपला भेगा आहेत का, गाडीच्या पोटाखालून मागे जाणारी लोखंडी पाइपलाइन कुठे गंजून ओली झाली आहे का, हे टॉर्च घेऊन बघा. गतिरोधकावर घासणाऱ्या गाड्यांत ही पाइपलाइन चेपलेलीही सापडते.

बाहेर कुठेही ओल नाही, टाकीतली पातळी महिनाभर तीच आहे, तरीही धरून ठेवलेलं पेडल बसतंय, तेव्हाच मास्टर सिलिंडरवर संशय घ्या. आतल्या वॉशर झिजल्या की दाबलेलं ऑइल पुढे जाण्याऐवजी टाकीकडे परततं. अशा वेळी किट (फक्त आतल्या रबरी वॉशरचा संच) टाकायचं की अख्खा मास्टर बदलायचा? माझं मत अख्खा बदला. सिलिंडरची आतली भिंत गंजाने खरवडलेली असेल तर नवं किट काही महिन्यांत पुन्हा कापलं जातं, आणि मजुरी दोनदा द्यावी लागते. मागच्या चाकाच्या व्हील सिलिंडरलाही हेच लागू.

पेडल स्पंजी असेल तर

हवा आपोआप शिरत नाही. टाकी कधीतरी रिकामी झाली, एखादा पाइप उघडला गेला किंवा कुठेतरी गळती आहे. कारण न शोधता नुसती एअर काढली तर पेडल चार दिवस छान लागतं आणि पुन्हा तेच. जुने रबरी होज पाइप दाबाखाली फुगतात, त्यामुळेही पेडल स्पंजी लागतं. एकाला पेडल दाबायला लावा आणि दुसऱ्याने पुढच्या चाकामागचा पाइप बोटांत धरून ठेवा. तो फुगलेला जाणवला तर बदला. एअर काढायची रीत पुढे दिली आहे.

पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही

इथे दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिलं, बूस्टरला व्हॅक्यूम नाही. पेट्रोल गाडीत तो इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून एका जाड रबरी पाइपने येतो. हा पाइप टोकाशी तडकतो, क्लिप सैल होते किंवा जुना पाइप आतून मऊ पडून चपटा होतो. पाइपात किंवा बूस्टरच्या तोंडाशी एकाच दिशेने हवा सोडणारा चेक व्हॉल्व्ह असतो. तो काढून तोंडाने फुंकर मारून बघता येतो. दोन्ही बाजूंनी हवा जात असेल तर खराब. ब्रेक दाबल्यावर पायाशी हवा सुटल्यासारखा सुसू आवाज टिकून राहत असेल किंवा इंजिन थरथरत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पहिल्यांदाच पेडल दाबल्यावर ते कडक लागलं, तर बूस्टरमध्ये व्हॅक्यूम टिकत नाही एवढं नक्की.

डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप वेगळा असतो. डिझेल इंडिकासारख्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागच्या तोंडाला जोडलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइलचा पाइप येतो. त्यामुळे बेल्ट सैल झाला की बॅटरी चार्जिंग आणि ब्रेक एकाच वेळी कमी होतात. अल्टरनेटरच्या मागे ऑइलचा चिकटा दिसतोय आणि ब्रेक कडक झालाय, हे दोन्ही एकत्र आलं तर बूस्टर बदलायच्या आधी पंप तपासून घ्या.

दुसरं कारण चाकात असतं. बूस्टरची चाचणी नीट होते, पेडल वर आहे, तरी गाडी सरकत राहते. पॅड किंवा लायनर गरम होऊन गुळगुळीत, चकचकीत झालेले असतात, कॅलिपर जाम असतो, लायनरवर ऑइल आलेलं असतं किंवा कोणीतरी स्वस्तात बसवलेले पॅड मुळातच कठीण असतात. हे बघायला चाक काढावंच लागतं.

कोणतं चाक आळशी आहे?

चारही चाकं खोलण्याआधी हे शोधून काढता येतं. पहाटे गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे किंवा सुट्टीच्या दिवशी अंबडच्या एमआयडीसीतल्या आतल्या रिकाम्या रस्त्यांवर चार-पाच किलोमीटर जा. मागे कोणी नाही हे बघून चाळीसच्या वेगावरून दहा-बारा वेळा मध्यम ब्रेक लावा. स्टिअरिंग सैल धरा, सोडू नका. गाडी उजवीकडे ओढत असेल तर डावीकडचा पुढचा ब्रेक कमी काम करतोय असं धरून चाला, किंवा उजवा अडकतोय.

थांबल्यावर चाकांच्या रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. पुढची दोन्ही चाकं साधारण सारखी गरम हवीत. मागची त्यांच्यापेक्षा बरीच कमी. पुढचं एक चाक थंड असेल तर तिथला कॅलिपर चालत नाही. एक चाक प्रमाणाबाहेर तापलं असेल, जळका वास येत असेल, तर ते सुटत नाही. हात नेण्याची भीती वाटत असेल तर रिमवर पाण्याचे चार थेंब टाका. उडून जाण्याचा वेग बघून फरक कळतो.

पुढची चाकं: डिस्क आणि कॅलिपर

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. स्टँड नसेल तर काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा, आणि तरीही अंग गाडीखाली घालू नका.

पॅडचा घासणारा भाग, मागची लोखंडी पाटी सोडून, तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदला. आतला आणि बाहेरचा दोन्ही पॅड बघा. एक जाड आणि एक पातळ असेल तर कॅलिपर त्याच्या पिनांवर सरकत नाही, आणि जुन्या गाडीत कमी ब्रेकचं हे फार नेहमीचं कारण आहे. पिना बाहेर काढा, गंज आणि वाळलेलं ग्रीस बारीक पॉलिश पेपरने साफ करा, रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदला आणि रबराला चालणारं सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

कॅलिपर खाली लोंबकळू देऊ नका. सुतळीने किंवा तारेने वर बांधा, नाहीतर आपणच होज पाइप आतून फाडतो. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. आधी टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्या, नाहीतर ते वरून सांडतं. पिस्टन एकसारखा, हाताच्या जोराने जी-क्लॅम्पमधून मागे गेला पाहिजे. तो अडत असेल तर कॅलिपर खोलून सील बदलायचे, हे काम गॅरेजला द्या.

पिस्टन ठीक आहे, पण ब्रेक सोडल्यावर चाक फिरत नाही आणि निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करताच मोकळं होतं, असं झालं तर होज पाइप आतून बंद होत आलाय. बाहेरून तो नवा दिसतो. दहा वर्षांवरच्या गाडीत तो पाइप आहे तसाच ठेवण्यात काही शहाणपण नाही.

डिस्कवर बोटाचं नख अडकेल अशा खोल रेघा असतील किंवा कडेला उंच धार आली असेल, तर जाडी मोजून घ्या. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. त्याहून पातळ डिस्क लेथवर टर्निंग करून पुन्हा लावायची नाही.

मागची चाकं: इथे जास्त वेळ द्या

मागच्या ब्रेककडे कोणी बघत नाही, कारण लायनर लवकर झिजत नाहीत आणि ड्रम काढायला वेळ जातो. “सर्व्हिसिंग केली” म्हणताना बऱ्याचदा ड्रम उघडलेलाच नसतो. आणि खोल जाणाऱ्या पेडलचं उत्तर बहुतेक वेळा याच ड्रमच्या आत सापडतं.

हँडब्रेक सोडा, पुढच्या चाकांना दगड लावा. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात. तिथे मधली टोपी, स्प्लिट पिन आणि मोठा नट काढावा लागतो. नट पुन्हा किती घट्ट करायचा ते पुस्तिकेप्रमाणे, आणि स्प्लिट पिन नवीच. काही ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीने पिळले की ड्रम स्वतःच बाहेर येतो. हातोड्याने कडेवर ठोकू नका, बीड (ओतीव लोखंड) फुटतं. ड्रम थोडा हलतो पण निघत नाही, तर आत झिजून कडा तयार झाली आहे. लायनर मागे घ्यायची सोय पाठीमागच्या पाटीवरच्या भोकातून असते.

आत जमलेली काळी भुकटी फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या बोटाने उचलून बघा. आत नुसता दमटपणा असेल तर चालेल, ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, पेपरने घासून पुन्हा लावायची पद्धत सर्रास दिसते. करू नका. तो गरम झाला की आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जाणाऱ्या गाड्यांत, म्हणजे ओम्नी, क्वालिस वगैरेंत, लायनरवरचं ऑइल अॅक्सलच्या सीलमधूनही येऊ शकतं. ते गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला उग्र वास येतो. तिथे व्हील सिलिंडर बदलून गळती थांबणार नाही.

आता अॅडजस्टर. दोन लायनरच्या मध्ये दातेरी पट्टी किंवा चाक असतं, जे झीज होईल तसं लायनर बाहेर सरकवत राहतं. धुळीने आणि गंजाने ते जाम होतं. काढून साफ करा, आट्यांवर चिमूटभर ब्रेक ग्रीस लावा, हाताने फिरतं का बघा. स्प्रिंगा सैल किंवा तुटलेल्या असतील तर सेट बदला. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बाजू बघून जुळवता येते. लायनर, पॅड, सिलिंडर सगळं दोन्ही बाजूंना जोडीनेच बदलायचं.

जुळवताना आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल असू द्या. अॅडजस्टर इतका बाहेर घ्या की ड्रम चढवल्यावर तो फिरवताना अगदी हलकं घासल्याचा आवाज यावा. चाक चढवा, पेडल दहा-बारा वेळा दाबून लायनर मध्यावर बसू द्या, पुन्हा फिरवून बघा. हे झाल्यावरच हँडब्रेकची केबल ताणा, साधारण पाच ते आठ टकांत गाडी धरेल इतकी. उलट क्रमाने, म्हणजे लायनर ढिले ठेवून आधी केबल ताणली, की हँडब्रेक छान लागतो आणि पेडल खोलच राहतं. शिवाय ताणलेल्या केबलमुळे कित्येक गाड्यांत आपोआप होणारं अॅडजस्टमेंटही बंद पडतं.

एअर काढणे

या कामाला दोघं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. सलाइनची पारदर्शक नळी, एक बाटली, निपलच्या मापाचा रिंग पाना आणि एक लिटर नवं ऑइल जवळ ठेवा. निपल गंजलेले असतात, म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. उघड्या तोंडाच्या पान्याने जोर लावला की निपलच्या कडा गोल होतात.

पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्यापुढच्या भागात गंज साठलेला असतो. एअर काढताना पेडल पूर्ण खाली मारलं की वॉशर त्या गंजावर घासून कापली जाते, आणि मग “एअर काढली आणि मास्टर गेला” अशी तक्रार येते.

चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत बघा. पुस्तिका नसेल तर मास्टरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. निपलवर नळी चढवा, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. चाकाशी बसलेला “दाब” म्हणाला की पेडलवाल्याने तीन-चारदा सावकाश दाबून शेवटी धरून ठेवायचं आणि “धरलं” असं सांगायचं. मग निपल पाव आटा सैल करायचा. ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. निपल बंद करून मगच “सोड” म्हणायचं. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करत राहा, पण चार-पाच वेळा झालं की टाकी बघा. ती रिकामी होऊ द्यायची नाही. बाटलीतलं वापरलेलं ऑइल पुन्हा टाकीत घालायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी. काही गाड्यांत मागच्या अॅक्सलजवळ वजनाप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची तार किंवा दांडी गंजून अडकली असेल तर मागच्या चाकांना दाब कमी जातो. ती हलते का एवढं बघा, सेटिंगला हात लावू नका.

घाटातच ब्रेक कमी होत असतील

शहरात ब्रेक उत्तम आणि कसारा उतरताना अर्ध्यावर कमी, असं असेल तर पेडल कसं लागलं ते आठवा. पेडल मऊ पडून खोल गेलं आणि गाडी थंड झाल्यावर पूर्ववत झालं, तर ऑइल उकळून वाफ झाली होती. ऑइल बदला. पेडल वर आणि घट्टच होतं पण गाडी ऐकत नव्हती, तर पॅड तापून पकड सुटली होती. पॅडचा दर्जा बघा आणि उतरण्याची पद्धतही. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरायचं, सारखा हलका पाय पेडलवर ठेवायचा नाही. थोडा जोरात ब्रेक लावून वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणं घाटात फार महाग पडू शकतं. इंजिन बंद केलं तर बूस्टरही जातो.

ब्रेक कमी झाल्याचं जाणवलं की खालचा गिअर टाकून, पेडल पंप करत सुरक्षित जागी थांबा. गरम डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक आवळून ठेवण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या.

गॅरेजला काय सांगायचं

सगळं स्वतः करायची गरज नाही. पण “ब्रेक बघा जरा” असं सांगून गाडी सोडली तर काय बदलायचं ते समोरचा ठरवतो. त्यापेक्षा असं सांगा: “दादा, पहिल्यांदा दाबलं की पेडल खोल जातं, दुसऱ्यांदा वर लागतं. हँडब्रेक ओढला की वर येतं. मागचे ड्रम उघडून अॅडजस्टर बघा, आणि उघडल्यावर मला फोन करा.” तो म्हणेल, “साहेब, मास्टर बदलून टाकू, टेन्शनच नको.” तेव्हा विचारा, पेडल धरून ठेवल्यावर बसतंय का? बसत नसेल तर मास्टर कशासाठी? चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही. काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या आणि नव्याच्या खोक्यावरची एमआरपी, पार्ट नंबर बघून बिल घ्या, कारण ब्रेकच्या पार्टमध्ये नकली माल भरपूर आहे. १५ वर्षं पूर्ण होऊन नोंदणीचं नूतनीकरण करायचं असेल तर पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायच्या आधी हे काम उरकून घ्या.

काम झाल्यावर

गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. नवे पॅड बसवल्यावर पहिला ब्रेक रिकामा जातो आणि गॅरेजच्या दारातच गाडी पुढच्या भिंतीला लागते. मग रिकाम्या रस्त्यावर दहाच्या वेगाला एकदा, वीसला एकदा, असं वाढवत जा. पॅड नवे असतील तर पन्नासवरून दहापर्यंत सावकाश वेग उतरवायचा, मध्ये थोडं अंतर जाऊन ब्रेक थंड होऊ द्यायचे, असं आठ-दहा वेळा करा. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळा आणि तोवर घाट नको.

रात्री गाडी लावताना चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टरच्या खाली पुठ्ठ्याचे तुकडे टाकून ठेवा. सकाळी त्यांवर डाग आहे का बघा, टाकीची पातळी कालच्या खुणेशी ताडून बघा, आणि पन्नासएक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.